'गाडी कापू नका': एका डाव्या क्वार्टरचं प्रकरण

२०२४ चा मार्च संपत आला होता. दुपारी एक पांढरी हॅचबॅक पुढून उचललेल्या अवस्थेत, क्रेनच्या मागे फरफटत आमच्या हिंगणा रोडच्या वर्कशॉपमध्ये आली. २०१९ चं मॉडेल, पेट्रोल. वर्धा रोडवर जामठ्याच्या स्टेडियमच्या अलीकडे पुढच्या बसने ब्रेक मारला, गाडीवाल्या सरांनी मारला, मागच्या पिकअपला मारायला उशीर झाला. त्याने शेवटच्या क्षणी डावीकडे काढली, म्हणून मार बरोबर मागून न बसता डाव्या कोपऱ्यात तिरपा बसला. टेल लॅम्पचा चुरा, बंपर फाटलेला, बॅक पॅनेल आत गेलेलं, डिकीचा दरवाजा तिरका अडकलेला आणि डावा क्वार्टर, म्हणजे मागच्या दारापासून टेल लॅम्पपर्यंतचा कडेचा पत्रा, चाकाच्या मागे दुमडून पडलेला.

सर एका ज्युनिअर कॉलेजात शिकवतात, मानेवाड्याला राहतात. त्यांना स्वतःला कुठे लागलं नव्हतं. उतरल्यावर पहिलं वाक्य बोलले ते असं, "भाऊ, काहीही करा, पण गाडी कापू नका."

ही भीती उगाच नाही. नागपुरात सेकंडहँड गाडी बघायला माणूस एकटा येत नाही, सोबत एक जाणकार आणतो. हा जाणकार इंजिन नंतर ऐकतो. आधी डिकी उघडतो, कडेचं रबर ओढून खाली करतो आणि पत्र्याच्या ओठावरचे वेल्डचे स्पॉट बघतो. कंपनीचा स्पॉट म्हणजे रोबोने दोन्हीकडून दाबून केलेला गोल खळगा, पाच-सहा मिलिमीटरचा, बहुतेक सगळे सारख्या अंतरावर. त्यात फरक दिसला किंवा सांध्यावरची पेस्टिंग (सीलरचा पट्टा) बोटाने फिरवल्यासारखी वाटली, की तो मान हलवतो आणि म्हणतो, "कापलेली आहे." तिथून पुढे इंजिन कितीही गोड चालो, भाव खालीच येतो. म्हणून लोक म्हणतात, ठोकून काढा, लांबी (पुट्टी) भरा, रंग मारा, पण कंपनीचा पत्रा अंगावर राहू द्या.

आमच्याकडचा हिशोब वेगळा असतो. पत्रा वाकला असेल तर सरळ करायचा, घडी पडली असेल तर बदलायचा. घडीच्या रेषेवर पत्रा ताणून कडक झालेला असतो. हातोडी आणि मागून टेकवायची लोखंडी डॉली लावली की शेजारचा मऊ पत्रा हलतो, घडी जागची हलत नाही. तापवून काढली तर दिसायला सरळ होते, पण पुढच्या धक्क्याला नेमकी तिथूनच वाकते, नाहीतर तडकते. सरांच्या गाडीत घडी व्हील आर्चपासून (चाकावरच्या कमानीपासून) लॅम्पच्या खिशापर्यंत गेली होती. मी त्यांना तेव्हाच सांगितलं की क्वार्टर बदलावा लागेल. त्यांचा चेहरा पडला. "विचार करून सांगतो," म्हणाले आणि रिक्षाने गेले.

आता माझी चूक सांगतो. हे सगळं मी डोळ्याने बघून बोललो. रंगाची जाडी मोजायचं यंत्र ड्रॉवरमध्ये पडून होतं, ते लावलं नाही. लावलं असतं तर पुढचे काही दिवस सरांशी वाद घालण्यात गेले नसते.

सर्व्हेअर आणि टक्केवारी

विम्याचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळीकडे सारखंच असतं. सरांनी झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, घेतलेलं नव्हतं. गाडी चार वर्षांच्या वर आणि पाचच्या आत, म्हणजे लोखंडी पार्टवर ३५ टक्के घसारा, बंपरसारख्या प्लॅस्टिकवर ५० टक्के. मजुरीवर घसारा नसतो, हे बऱ्याच गाडीमालकांना माहीत नसतं. त्यामुळे ते पार्ट बदलायला घाबरतात आणि उलट मजुरीचं बिल फुगवून घेतात. विमा कंपनीचे सर्व्हेअर तिसऱ्या दिवशी आले, फोटो काढले, बॅक पॅनेल आणि बंपर मंजूर केलं आणि क्वार्टरपुढे लिहिलं, 'रिपेअर'. सर खूश, मी नाराज. मी एवढंच म्हणालो की खोलल्यावर परत बोलावीन. ते म्हणाले, "बोलवा ना. खोलायच्या आधी बोलवा पण, नंतर नाही."

हा माणूस नियमाने चालणारा होता. मला असे आवडतात.

दुसऱ्या दिवशी सामान काढायला घेतलं. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढली, मग पॉझिटिव्ह, एअरबॅगच्या सर्किटमधला विजेचा साठा उतरायला थोडा वेळ जाऊ दिला. मागची सीट, ट्रिम, वायरिंग, बेल्ट बाहेर. पेट्रोलचं झाकण नेमकं डाव्या क्वार्टरवर, म्हणून टाकीच उतरवली, तोंडं बंद करून दुसऱ्या शेडमध्ये ठेवली. पेट्रोलची नळी तशीच ठेवून बाजूला ग्राइंडर चालवणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्याविषयी काय बोलायचं.

मग, उशिरा का होईना, यंत्र लावलं. उजव्या क्वार्टरवर आकडा आला ११० ते १३० मायक्रॉन, कंपनीच्या रंगाला साजेसा. डाव्या मागच्या दारावर तेवढाच. डाव्या क्वार्टरवर, मार न लागलेल्या वरच्या भागात ४००. सी-पिलरजवळ, म्हणजे मागच्या काचेशेजारच्या खांबाजवळ, ९००. व्हील आर्चच्या वर यंत्राने आकडा दाखवणंच सोडून दिलं. लोहचुंबक लावलं तर तो घसरून खाली पडला.

आमचे जुने डेंटर, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, त्यांनी छिन्नीचं टोक तिथे हळूच मारलं. लांबीचा एक तुकडा निघून हातात आला. पोळपाटाएवढा नसेल, पण पुरीएवढा नक्की होता आणि कडेला सहा मिलिमीटर जाड. त्यात थर दिसत होते, झाडाच्या खोडासारखे: पांढरा, पिवळट, मग राखाडी. म्हणजे एकदा भरून बसली, परत भरली.

मी सरांना आणि सर्व्हेअरला दोघांनाही फोन लावला.

कापलेलीच होती

सरांनी ही गाडी २०२१ मध्ये घेतलेली, दुसऱ्या हातातून. विकणाऱ्याने तेव्हा 'नॉन-अ‍ॅक्सिडेंटल' म्हणून विकली होती. जाणकार तेव्हाही सोबत होता म्हणे. रबर ओढून त्याने उजवी बाजू पाहिली असणार.

दोघांसमोर लांबी उतरवली. खाली जे निघालं ते असं. आधीच्या कोणीतरी क्वार्टरचा खालचा अर्धा भाग मधूनच कापला होता. दुसऱ्या गाडीचा तुकडा आणून जुन्या पत्र्यावर दोन-अडीच सेंटिमीटर चढवला होता आणि गॅसने टाके मारून त्यावर लांबी ओढली होती. सी-पिलरवरच्या सांध्यात पितळ वितळवून भरलेलं. उजव्या बाजूला, जिथे कंपनीचं काम शाबूत होतं, तिथे मी क्वार्टरचे स्पॉट मोजले: ६४. डाव्या बाजूला कंपनीचे उरलेले २३, गॅसचे टाके ११, काही ठिकाणी पितळ, काही ठिकाणी काहीच नाही. व्हील आर्चच्या ओठावर एका जागी दोन पत्रे फक्त सीलरवर तग धरून होते.

आत हात घातला तर माती. विदर्भातली काळी माती पाणी धरून ठेवते, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, पण गाडीच्या पोकळीतही ती तेच करते. आधी काम करणाऱ्याने आतून ना प्रायमर मारला होता, ना गंज रोखणारं मेण. खालची पाणी निघायची भोकं लांबीने बुजलेली. चाकावरच्या आतल्या पत्र्याला, म्हणजे बाहेरच्या व्हील हाउसला, स्क्रूड्रायव्हर टेकवला, दाब दिला नाही म्हटलं तरी चालेल, आणि तो मुठीपर्यंत आत गेला.

सर ऑइलच्या उपड्या डब्यावर बसले. "दोन पावसाळे झाले, स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचत होतं. सर्व्हिसवाल्याने दोनदा रबर बदलून दिलं." थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे मी घेतली तेव्हाच कापलेली होती का?"

चाचा म्हणाले, "कापली असती ना सर, तर बरं झालं असतं. ह्याने तर चिपकवून ठेवली."

सर्व्हेअरने क्वार्टर बदलायला मंजुरी दिली, कारण ताजी घडी समोर दिसत होती. व्हील हाउसचा गंज मात्र जुना, तो क्लेममध्ये बसत नाही, असं स्पष्ट लिहिलं. ते बरोबरच होतं. व्हील हाउसचा पार्ट आणि त्याची मजुरी सरांच्या खिशातून.

जाता जाता सरांनी विचारलं, "आजकाल पॅनेल चिकटवतात ना? मी व्हिडिओ पाहिला. मग कापा-जोडायची भानगडच नको." प्रश्न चुकीचा नाही. काही गाड्यांत काही पॅनेल कंपनीच गोंद आणि स्पॉट मिळून जोडते आणि तिथे दुरुस्तीलाही तेच सांगते. पण कुठे गोंद आणि कुठे वेल्ड हे आपण ठरवायचं नसतं, त्या गाडीच्या बॉडी रिपेअर मॅन्युअलने ठरवायचं. अमेरिकेत टेक्सासमध्ये एका बॉडी शॉपने २०१० च्या होंडा फिटचं छप्पर वेल्ड न करता गोंदाने बसवलं. फिट म्हणजे आपल्याकडची जॅझ. पुढे मालक बदलला, २०१३ मध्ये त्या गाडीला मोठा अपघात झाला, आतले नवरा-बायको गंभीर भाजले आणि जखमी झाले. २०१७ मध्ये ज्युरीने त्या बॉडी शॉपच्या वाट्याला ३ कोटी १५ लाख डॉलर लावले. सरांनी मनात रुपयांत गुणाकार केलेला मला दिसला.

आधी ओढायचं, मग कापायचं

नवीन पोरं इथे घाई करतात. दुमडलेला पत्रा दिसला की ग्राइंडर. पण जुना पत्रा अंगावर असतानाच गाडी बेंचवर (ओढकामाच्या लोखंडी चौकटीवर) बांधून ओढली पाहिजे, कारण मार ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने तो बाहेर काढायला हाच पत्रा उपयोगी पडतो. एकदा कापला की धरायला काही उरत नाही.

डिकीच्या तोंडाचे कर्ण मोजले: दोन्हीत ११ मिलिमीटरचा फरक. खाली मागच्या चेसिसचं डावं टोक आत सरकलेलं, सहा मिलिमीटर. आम्ही तीन मिलिमीटरपर्यंत सोडतो, त्यापुढे नाही. साखळी लावून दोन दिवस थोडं थोडं ओढलं, ओढून सोडायचं आणि परत मोजायचं, कारण पत्रा परत येतो. शेवटी कर्णाचा फरक दोनवर आणि चेसिस एकवर आलं. सांगायला दोन वाक्यं लागली, पण सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला.

मग कापणं. क्वार्टर आधी सांध्यापासून अंगठाभर आत मोकळा कापून काढला, म्हणजे कडेच्या पट्ट्या उरल्या आणि हात चालवायला जागा झाली. मग एकेक स्पॉट. वायर ब्रशने रंग काढला की स्पॉटची गोलाई दिसते. मधोमध पंच मारायचा आणि ८ मिलिमीटरचा स्पॉट कटर लावायचा. गंमत खोलीची आहे. वरचा पत्रा ०.७ मिलिमीटर, तेवढाच कापायचा, खालच्याला धक्का लागू द्यायचा नाही. हातातला आवाज बदलतो, पहिला पत्रा संपला की कटर किंचित मऊ पडतो. आमच्या नवीन पोराला हा आवाज अजून ऐकू येत नाही. त्याने पाच ठिकाणी आरपार भोकं पाडली. चाचांनी काही न बोलता खडूने त्या पाच भोकांभोवती गोल केले आणि ती बुजवायचं काम त्यालाच दिलं.

जुन्या पितळाने सगळ्यात जास्त छळलं. पितळ म्हणजे वाईट असं नाही. काही कंपन्या छताच्या सांध्यात तांबं-सिलिकॉनची तार वापरतात आणि मॅन्युअल सांगत असेल तर आम्हीही वापरतो. पण गॅसच्या ज्योतीने भरलेलं पितळ पत्रा लांबवर तापवून ठेवतं आणि ते थोडं जरी मागे राहिलं तर त्यावर मारलेला नवा वेल्ड भुसभुशीत, छिद्रांचा होतो. म्हणून सी-पिलरवरची कापायची रेषा जुन्या सांध्याच्या साठ मिलिमीटर वर न्यावी लागली, जिथे पत्रा कधी तापलाच नव्हता. मॅन्युअलमध्ये कापायला परवानगी दिलेल्या पट्ट्यात ती रेषा जेमतेम बसली. बसली नसती तर थेट छतापर्यंतचा सांधा उघडावा लागला असता, मागच्या काचेसकट. सीट बेल्टच्या नटाचा पत्रा आतला वेगळा होता आणि त्याला आच लागलेली नव्हती. हे तपासल्याशिवाय मी पुढे गेलो नसतो.

खाली दाराखालच्या रनिंग बोर्डाला फक्त बाहेरची कातडी कापली. आतल्या मजबुतीच्या पत्र्याला हात लावला नाही. चाचा अ‍ॅम्बेसेडरवर शिकलेले. तेव्हाचा पत्रा जाड आणि साधा, लाल करा, ठोका, पाणी मारा, तो ऐकायचा. अ‍ॅम्बेसेडर २०१४ मध्ये बंद झाली आणि तो पत्राही बऱ्यापैकी गेला. आजच्या गाडीत मधल्या पिलरच्या आत जो बोरॉनचा पत्रा असू शकतो, तो कारखान्यात नऊशे अंशांच्या वर तापवून साच्यातच थंड केलेला असतो. त्याची ताकद १,५०० मेगापास्कलच्या घरात, साध्या पत्र्याच्या चार-पाच पट. आपण गॅसने लाल केला की ती ताकद निघून जाते आणि बाहेरून काही दिसत नाही. चाचांना हे पटायला वर्षं लागली. आता तेच पोरांच्या हातातून गॅसची तोटी काढून घेतात.

कूलरचं प्रकरण

नवीन क्वार्टर आला, काळ्या ईडी कोटमध्ये, म्हणजे कारखान्यातूनच चढवलेल्या प्रायमरमध्ये. उजव्या बाजूचे स्पॉट मोजून त्यावरून खुणा केल्या. जिथे स्पॉट गनचे हात पोचतात तिथे स्पॉट, जिथे नाही तिथे ८ मिलिमीटरची भोकं पाडून सीओटू वेल्डिंग मशीनने प्लग, म्हणजे ती भोकं वितळलेल्या तारेने भरून खालच्या पत्र्याला जोडायची. स्पॉट आम्ही कंपनीपेक्षा साधारण तीस टक्के जास्त मारतो, कारण आमची गन कारखान्यातल्या गनच्या तोडीची नसते. त्यातही दुपारी व्होल्टेज पडलं की टोकाशी आठ-नऊ हजार अँपिअर देणारी गन नुसती गुरगुरते. म्हणून स्पॉट सकाळीच.

गाडीवर वेल्ड करायच्या आधी त्याच पत्र्याच्या पट्ट्यांवर चाचणी करायची असते. दोन पट्ट्या जोडायच्या, व्हाइसमध्ये धरायच्या आणि छिन्नी घालून फाडायच्या. वेल्ड चांगला असेल तर तो सुटत नाही, एका पट्टीचा पत्रा फाटतो आणि दुसऱ्या पट्टीवर बटणासारखा चिकटून येतो. एप्रिलचा दुसरा आठवडा, दुपार, बाहेर बेचाळीस अंश. पोराने सहा प्लग मारले. चाचांनी छिन्नी घातली आणि तीन प्लग टकटक करून सुटले. सुटलेल्या जागी सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रं, आत राखाडी.

पहिला संशय प्रायमरवर. सांध्याच्या आत मारतात त्या जस्ताच्या प्रायमरचा थर पोराने भरभरून मारला होता आणि भोकातूनही पुसला नव्हता. तो पुसला, थर पातळ केला. छिद्रं कमी झाली, गेली नाहीत. मग तार बघितली, ०.८ ची, ठीक. गॅस आर्गॉन-सीओटूचा मिश्रणाचा सिलेंडर, ८०-२०, भरलेला. मीटरवर प्रवाह बरोबर. मी नोझल काढून साफ केला. तरी तेच.

मी कपाळाचा घाम पुसायला वळलो आणि हवेचा झोत तोंडावर आला. वाळ्याचा वास असलेला, गारेगार. पोराने मोठा कूलर वेल्डिंगच्या जागेकडे वळवून ठेवला होता. वेल्ड होताना ज्या गॅसने वितळलेल्या धातूभोवती पांघरूण धरायचं, तो गॅस कूलर उडवून नेत होता आणि हवा आत शिरत होती. कूलर बंद केला. पुढचे सहाच्या सहा प्लग फाटून बटण घेऊन आले.

नागपूरच्या एप्रिलमध्ये कूलर बंद करायला सांगणं म्हणजे काय, ते नागपूरकरालाच कळेल. म्हणून ठरवलं की वेल्डिंग पहाटे साडेपाच ते नऊ, पुढे दुसरी कामं. चाचा म्हणाले, "रमजानमध्ये उठतच होतो, आता अजून दहा दिवस उठू."

पॅनेल लावलं, धरलं, काढलं, परत लावलं, असं तीनदा. वेल्डच्या आधी डिकीचा दरवाजा, टेल लॅम्प, बंपर, पेट्रोलचं झाकण, सगळं बसवून बघायचं. यात टेल लॅम्प सगळ्यात खरं बोलतो. दाराची फट तुम्ही बिजागरीने सावरू शकता, लॅम्प सावरता येत नाही. पहिल्या वेळी लॅम्पच्या वरच्या कोपऱ्यात सात मिलिमीटर फट होती, खाली दोन. क्वार्टर एका बाजूला थोडा खाली बसला होता. तिसऱ्यांदा वर-खाली चार-चार आली तेव्हा कडेला स्क्रू मारून पक्का केला.

सी-पिलरवर सांधा समोरासमोर, मधे दीड मिलिमीटर फट आणि मागे जुन्याच पॅनेलमधून कापलेली पट्टी. अर्थिंग क्लॅम्प सांध्याशेजारी, दूर कुठे बोल्टला नाही. दोन-दोन सेंटिमीटरवर टाके, मग एक इकडे एक तिकडे भरत जायचं आणि मधे हात टेकवता येईल इतकं गार होऊ द्यायचं. ओलं फडकं मारायचं नाही. सलग भरला की पातळ पत्रा पापडासारखा फुगतो, आणि मग परत लांबी. अडीच इंचांच्या सांध्याला सकाळ गेली.

जस्ताचा धूर निघतो तो पांढरा, गोडसर. हा छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, एक-दोन दिवसांत उतरतो. जुन्या गॅरेजांत यावर गूळ खातात, दूध पितात. गूळ मलाही आवडतो, पण त्याने धूर अडत नाही. मास्क लावायचा आणि धूर ओढणारा पंखा मागच्या बाजूने, वेल्डपासून लांब लावायचा. आमच्या चाचांनी मास्क मान्य केला आणि गूळही चालूच ठेवला.

आत काय मारलं

वेल्ड घासून सपाट करताना पत्रा पातळ व्हायला नको, म्हणून ग्राइंडरने नाही, बेल्ट सँडरने. मग उघड्या लोखंडावर आधी इपॉक्सी प्रायमर आणि त्याच्यावर सांध्यांचा सीलर. उलटं केलं तर सीलरच्या खाली गंज सुरक्षित बसून राहतो. व्हील हाउसच्या आतल्या बाजूला खालचं कोटिंग, सी-पिलरमध्ये जळलेल्या फोमच्या जागी नवा. पाणी निघायची भोकं तारेने उघडी करून तपासली. रंगकामावर मी इथे काही लिहीत नाही, ते ज्याला त्याला दिसतंच.

रंग सुकल्यावर शेवटी मेण. लांब नळीला चारही बाजूंना फवारणारं तोंड लावायचं, ट्रिमच्या भोकातून आत घालायचं आणि मागे ओढत आणायचं. मेण खालच्या भोकांतून थेंब-थेंब टपकायला लागलं की समजायचं, पोचलं. सर त्या दिवशी आले होते. खाली वाकून थेंब बघत बसले, पाच मिनिटं तरी.

मग पाण्याचा पाइप. सर टॉर्च घेऊन डिकीत बसले, वरून दरवाजा बंद केला आणि पंधरा मिनिटं पाणी सोडलं. आतून आवाज आला, "सुकं आहे." बाहेर आले तेव्हा घामाने भिजलेले होते.

प्रत्येक टप्प्याचे फोटो काढले होते, एकूण ७१: लांबीचा तुकडा, गंज, उजव्या बाजूची मोजणी, फाटलेल्या चाचणीपट्ट्या, प्रायमर, मेण. पेन ड्राइव्हमध्ये घालून बिलासोबत दिले. क्वार्टरच्या किमतीतले ३५ टक्के, व्हील हाउस पूर्ण, बंपरचे अर्धे, असा सरांचा वाटा मिळून चौतीस हजारांच्या आसपास गेला. शिक्षकाला ते जड होतं. दोन हप्त्यांत दिले.

जुलैत फोन आला. स्टेपनीच्या खड्ड्यात त्यांनी वर्तमानपत्र अंथरून ठेवलं होतं, चार दिवस झड लागली तरी कोरडं.

दिवाळीनंतर ते एका गिऱ्हाइकाला घेऊन वर्कशॉपमध्येच आले, काटोलचा माणूस, सोबत जाणकार. जाणकाराने डिकी उघडली, डावीकडचं रबर ओढलं, बोटाने स्पॉट मोजत गेला आणि मान हलवली. "कापलेली आहे."

"हो," सर म्हणाले. "दोनदा. दुसऱ्या वेळचे फोटो आहेत, बघता का?"

त्याने मोबाइलवर सगळे बघितले, मेणाच्या थेंबांपर्यंत. मग वीस हजार कमी सांगितले. सर्वांना चहा झाला. सरांनी गाडी विकली नाही.